मावशीचं वेगळं पान

माय, काल अहेव नवमी झाली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईला पितृपक्षात हा एक दिवस मिळतो, हे तूच मला शिकवलंस, तेव्हा तुला काय सांगायचं. यंदाही मी मावशीचं पान वाढलं, एवढंच कळवायचं होतं. खीर खाली लागली, कढी फुटली. शेजारच्या वहिनींना सवाष्ण म्हणून बोलावलं होतं. त्यांनी आल्या आल्या आधी खिडकी उघडली आणि मग म्हणाल्या, "भावजी, काहीतरी जळून राहिलं." मावशीनं तक्रार केली नाही. माझ्या स्वयंपाकाची तक्रार न करणारी ती एकटीच उरली आहे. हिरव्या बांगड्या औंढ्याच्या बाजारातून आणल्या. मन्यारानं विचारलं, "साहेब, भाभीचं माप?" म्हटलं, भाभी नाही. "मग कोणाला पाहिजे?" मावशीला. "मावशीला संग आणायचं नं. माप बराबर बसतं." म्हटलं, तिला यायला जमत नाही. "तकलीफ है क्या?" मी म्हणालो, होती.

तिला तिच्या नवऱ्यानं मारलं तेव्हा मी कॉलेजात होतो. संशय, दारू, कुऱ्हाड. पेपरवाल्यांनी दोन ओळींत उरकलं. तिला लेकरू नव्हतं. फोटो एकच, लग्नातला, तो सासरी राहिला आणि तिथून मागून आणण्याइतकं कोणाचं तोंड उरलं नव्हतं. खालच्या कोर्टानं त्याला फाशी सुनावली तेव्हा आपल्या गल्लीत पेढे वाटले गेले. मीही एक खाल्ला. प्रकरण वरच्या कोर्टात गेलं आणि मामा फाशी कायम ठेवा म्हणून सह्या गोळा करत फिरू लागला. कोर्ट सह्या मोजत नाही, हे त्याला सांगून काही उपयोग नव्हता.

तो दिवस अजून तसाच दिसतो. मामा उंबऱ्याशी बसलाय, तू चुलीपुढं भाकरी थापतेयस आणि मी दोघांच्या मध्ये उभा राहून भाषण करतोय. त्याच वर्षी गॅदरिंगला फाशीच्या विरोधात बोलून मी ढाल आणली होती. ढाल पत्र्याची, मुद्दे उसने. मी म्हणतो, "मामा, उद्या चुकीचा माणूस फासावर गेला तर?" मामा म्हणतो, "चुकीचा काहून जाईल? कुऱ्हाड घेऊन सोता ठाण्यात गेला की त्यो." मी म्हणतो, सरकारनं कोणाचा जीव घेऊ नये. "मग त्यानं घ्यावा, व्हय?" स्पर्धेत परीक्षकांनी असं काही विचारलं नव्हतं. मामानं तुझ्यापुढं शाईचं पॅड सरकवलं. "अक्का, अंगठा दे."

"न्हाई."

"काहून?"

तू तव्यावरची भाकरी उलटलीस. "त्याला लटकवलं का तिची नवमी बंद. मंग सर्वपित्रीला नवराबायकोला एकाच पानावर वाढा. जित्तेपणी तिथून सुटली न्हाई ती. मेल्यावर बी त्याच्याच शेजारी बसवू व्हय?"

मामा म्हणाला, "अक्का, तू त्याला माफ करून राहिली का?"

"माफीचं नाव काढू नको माह्यापुढं. कुत्र्यावानी जगू दे त्याला. पन जगू दे. त्यो जिता हाय तंवर माह्या बहिणीचं पान येगळं हाय."

मला हसू आलं. माणुसकी, कायदा, राज्यसंस्था असं सगळं मी मांडून बसलो होतो आणि माझी आई माझ्याच बाजूनं उभी राहिली होती, पण एका केळीच्या पानासाठी. म्हणालो, "म्हणजे मावशीला हिरव्या बांगड्या मिळाव्यात म्हणून खुनी सांभाळायचा?" तू माझ्याकडं पाहिलंही नाहीस. "तुला बोलून ढाल भेटली. तिला काय भेटलं? गप जेव." मी गप जेवलो. मामा न जेवताच गेला, आणि पुढं कितीतरी दिवाळ्या आपल्याकडं आला नाही.

वरच्या कोर्टात फाशीची जन्मठेप झाली. निकालात पानाचा उल्लेख नव्हता. दर नवमीला तू चुलीपाशी बसायचीस, कारण कपाळ मोकळं, ओटी भरायचा हक्क नाही. ओटी शेजारीण भरायची आणि तू तिथूनच सांगायचीस, "बांगड्या खणावर ठेव, बाजूला नको. तिला बाजूला ठेवलेलं आवडत न्हाई." वर्षातून एकदा आपल्या घरात हिरवा रंग यायचा. माझे वडील गेल्यापासून तू त्याला हात लावला नव्हतास, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा विचारायला तू नव्हतीस. आपलं हिंगोली जिल्हा झालं म्हणून फटाके वाजले आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तू गेलीस. जिल्ह्याचं तुला विशेष काही वाटलं नव्हतं. "नळाला पाणी येतं का आता?" एवढंच विचारलंस.

तुझा नळ मी लेखात वापरला, माय. ज्या सरकारला वेळेवर नळ सोडता येत नाही, त्याच्या हातात दोर कशाला देता, असं लिहिलं आणि ते वाक्य बरंच गाजलं. टीव्हीवर हल्ली कोणाला तरी फाशी द्या म्हणून रोज संध्याकाळी ओरडा चालू असतो, मी त्यांची टिंगल करतो, त्यावर घर चालतं. वाचकांची पत्रं येतात. सगळ्यांचा एकच प्रश्न: तुमच्या घरातलं माणूस मारलं असतं तर? मी उत्तर देत नाही. लोक समजतात, निरुत्तर झाला. तुझा मुद्दा मात्र मी कधीच छापला नाही. त्यावर कोणी ढाल दिली नसती. शिवाय तो ऐकून कोणी हसलं असतं, आणि आपल्या घरात त्यावर हसायचा मान माझा होऊन गेला आहे.

मावशीचा नवरा जेलातून सुटला, हे तुला कळलं नाही. कनेरगाव नाक्यावर एका ढाब्यात कामाला लागला. वाशिमला जाताना एसटी तिथं थांबते. मी खाली उतरलो नाही, खिडकीतून पाहिलं. टेबल पुसत होता. पाठीत वाकलाय, पण हात नीट चालत होते. माय, मला बरं वाटलं. मावशीला मारणाऱ्याची तब्येत बरी दिसली म्हणून मला बरं वाटलं, आणि गाडी सुटेपर्यंत ते तसंच वाटत राहिलं. तेव्हापासून मी ढाब्याच्या बाजूचीच खिडकी धरतो. एकदा तो दिसला नाही तर वाशिमचं काम उरकून त्याच दिवशी परत त्या बाजूनं बघत आलो. पाणी शिंपडत होता. त्याची एवढी काळजी करणारं माणूस आता जगात दुसरं नसावं. आणि माझी करणारं कोण, हे मोजायला एक बोटही लागत नाही. तू गेलीस, आता वर्षातून एकदा एक बाई जेवायला येते, तीही तो आहे म्हणून.

आज सकाळी मामाचा फोन आला. तुझ्यानंतर तो बोलायला लागला, पण फोन करतो तो कोणी गेल्यावरच. "भाच्या," म्हणाला, "ते नाक्यावरलं ऐकलं का?" मी म्हणालो, मामा, आवाज येत नाही. तो ओरडला, "आरं, नाक्यावरला त्यो..." मी पुन्हा म्हणालो, आवाज येत नाही, आणि फोन बंद केला. अजून चालू केलेला नाही. वाशिमला या महिन्यात काम होतं, ते पुढं ढकललंय.

पुढच्या नवमीसाठी मन्याराकडून एक जोड जास्तीचा आणला आहे. हे पत्र त्या बांगड्यांच्याच डब्यात ठेवतो, दुसरीकडं पाठवायचं तरी कुठं. माय, आवाज बराबर येत होता.