कळसूबाईवरची सीताफळं

बीड,
२ नोव्हेंबर २०२५

प्यारी आयशा आपा,

सलाम. अम्मी मजेत, फळांचा गाडा जोरात, मी तर एकदम ठणठणीत. दुलाभाईंना सलाम सांग, पोरींना पप्पी. पत्र बघून हसशील. पण मी तो विषय काढला की तू फोन कट करतेस. कागद कसा कट करशील?

विषय नंतर. आधी कळसूबाई.

पाठीवर सॅक टाकून गेलो होतो, रात्री माथ्यावरच मुक्काम. दोस्त पवन, त्याचे त्रिंबककाका आणि मी. फळवाल्याने करू नये तीच चूक केली. पिकून डोळे उघडलेली सीताफळं सॅकच्या तळाशी भरली आणि वरून तंबू कोंबला. वर पोचेपर्यंत माझ्या जर्किनला गर, पवनच्या मोज्यांना गर.

"अबे, फळं इकतो का चिखल?" पवन ओरडला. काका मात्र मोज्यावरच्या बिया झटकत म्हणाले, "गोड हाय लई," आणि बोटं चाटत बसले.

लोखंडी शिड्यांवर मी कठड्याला मिठी मारली होती ते पवनने तुला सांगितलं तर खरं मानू नकोस. माथ्यावर वारा असा की तंबू उडू नये म्हणून कोपऱ्यांवर दगड ठेवले. खाली गावांचे दिवे. थंडीने झोप कुठली, तिघं चिकटून बसलो.

आता विषय.

त्रिंबककाकांना एकच किडनी आहे. दुसरी त्यांनी तुळजाकाकूंना दिली. म्हणून तर त्यांच्या मागे लागून गेलो. तू म्हणालीस ना, एका किडनीवर मंडईतली क्रेट कशी उचलशील? मला ते डोळ्यांनी बघायचं होतं. शिड्यांवर काका माझ्या पुढे होते आपा, आणि सॅक त्यांचीही भरलेली होती.

वर मी त्यांना विचारलं, "काका, घाबरलतात का?"

"लई घाबरलतो. पर तिला डायलिसिसला नेताना दर खेपंला घाबरायचो. म्हनलं, एकदाच काय ते घाबरून घेऊ."

"आणि काकू? लगेच तयार झाल्या?"

"कशाची! रुसून म्हायेरी गेलती. म्या बी मागं गेलो. सासुरवाडीत जावाई किती दिवस ठेवतेत? शेवटी तिच्याच आईनं दोघांना दवाखान्यात धाडलं."

हसता हसता मला रडू आलं. पवनने सीताफळाने माखलेलाच रुमाल दिला, त्याने तोंड आणखी चिकट झालं.

मीही घाबरतो. सुई बघून तोंड फिरवणारा तुझा भाऊ आहे मी. पण तपासण्या झाल्यात, डॉक्टर माझ्या बाजूने हो म्हणालेत. आता फक्त तू अडून बसलीस. म्हणतेस, छोट्यांकडून घेत नसतात. मला तू हवी आहेस, आपा. भांडायला, डोक्यावर टपली मारायला, अम्मीच्या तक्रारी सांगायला.

आणि छोट्यांकडून घेत नसतील, तर मोठ्यांनी छोट्यांना द्यायचं असतं ना? ईदच्या सकाळी मी सलाम केला आणि तू रिकाम्या हाताने पाठवलं, असं कधी झालं नाही. यंदा नोट नको. माझी किडनी घ्यायला हो म्हण, तीच माझी ईदी. ईद लांब आहे, माहीत आहे. तिथवर थांबायचं नाही म्हणून आत्ताच मागतो.

सलाम करून, हात पुढे करून उभा असलेला,
तुझा छोटा
फराज