अर्धी सुपारी

लंडन,
सोमवार, २० मे १९७४

प्रिय अंबू,

सुखरूप पोचलो. हे पत्र तू स्वतः वाच, चष्मा लावून, सावकाश. नथूच्या हाती देऊ नकोस. तुला अक्षरं शिकवली ती तुझ्या भावानं आपली पत्रं ओट्यावर बसून मोठ्यानं वाचावीत म्हणून नव्हे.

विमानाचं आधी सांगतो. खिडकी म्हणशील तर तुंगार्लीच्या बंगल्यांना मी संडासाला झरोका ठेवतो, तेवढी. पण काम चोख, कुठं फट नाही. अडचण झाली ती उतरल्यावर. अंग इथं आलं, झोप वलवणलाच राहिली. दुपारचा चहा झाला की माझे डोळे मिटायला लागतात, कारण तिकडं तू दाराला कडी घालत असतेस. आणि सगळं लंडन गाढ झोपलेलं असताना मी टक्क जागा, पोटात भूक, भाकरीच्या वेळेची. तुझी लेक शालू म्हणते, 'दादा, याला जेटलॅग म्हणतात, चार दिवसांत जाईल.' नर्स झाल्यापासून ती प्रत्येक गोष्टीला नाव सांगते. ती मात्र मजेत आहे. गालावर रंग चढलाय. तू दिलेली चटणी तिनं विमानतळावरच पिशवीत हात घालून चाखली.

आता ज्याची वाट बघत असशील ते. शालूनं पसंत केलेला भिकाजी उंचीनं माझ्या कानाला लागतो, रंग सावळा, दात सरळ. शालूच्याच हॉस्पिटलात एक्सरे काढतो. बोलणं जळगावकडचं, पण आवाज चढत नाही. नथू निघताना म्हणाला होता ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. 'ना आय, ना बा, वाढवलं मावशीनं तर तीबी गेली. चौकशी करायची तरी कुटं, दाजी? त्यापरीस नवलाख उंबरे गावचं स्थळ काय वाईट हाय?' खरं सांगायचं तर नथूचं मला पटलं होतं. पाया न बघता मी कधी भिंत चढवली नाही. आणि खिशात तू खणाच्या तुकड्यात बांधून दिलेली हळद-कुंकवाची सुपारी. 'मुलगा बघा, पण मला विचारल्याबिगर फोडू नका. मनाला आला न्हाई तर अख्खी परत आणा,' हे तुझे शब्द.

शनिवारी पोरगा कागदावर ठिकाणं लिहूनच आला. दोन मजली बसच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या बाकावर बसवलं मला. झाडांच्या फांद्या काचेला घासून जातात, आणि खाली माणसं, कुत्री, फुलांच्या गाड्या. अंबू, तू हवी होतीस. राणीच्या वाड्यापुढं पहारा बदलतात तो थाट बघायला उभे राहिलो आणि मी उभ्या उभ्या झोपलो. केसाळ टोप्यांची पलटण आली कधी नि गेली कधी, मला पत्ता नाही. शालू हसून हसून बेजार. मी म्हटलं, डोळे मिटून बँड ऐकत होतो.

मग नदीवरचा तो दोन मनोऱ्यांचा पूल बघितला. दगडाचे सांधे असे बसवलेत की नख जाणार नाही. मी पोराला सांगितलं, बघ, हे नुसत्या दगडाच्या बळावर उभं आहे, आमच्या लोहगडाच्या दरवाजासारखं. तो म्हणाला, 'दादा, आत पोलादाचा सांगाडा आहे, दगड वरून लावलाय.' मला राग आला. नकाशे वाचायला मला कुणी शिकवलं नाही, मी आपला आपणच शिकलो, आणि लोणावळ्याच्या पावसात माझी एक भिंत ओलावलेली नाही. मी म्हटलं, एक्सरे काढणाऱ्याला सगळीकडं हाडंच दिसायची. तो हसला, 'तसंही असेल,' म्हणाला. थोड्या वेळानं एक जहाज आलं, भोंगा झाला आणि पूल मधोमध दुभंगून वर उचलला गेला. खालच्या अंगानं सगळं लोखंड, रिव्हेटांच्या ओळीच्या ओळी. मी तिरक्या नजरेनं पोराकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत नव्हता. जहाज बघत होता, आणि शालूला म्हणत होता, 'ते निळं निशाण कुठल्या देशाचं गं?' नथू असता तर पुढची दहा वर्षं मला त्या पुलावरून सुनावलं असतं.

काल रविवारी त्यानं कागद खिशातून काढलाच नाही. म्हणाला, 'आज कुठं पोचायचं नाही.' तळं असलेल्या एका मोठ्या बागेत गेलो, बदकांना पाव घातला. ऊन आपल्या पौषातल्या सकाळसारखं. बाकावर बसलो आणि चहाच्या वेळी माझी ती रात्र झाली. जाग आली तेव्हा डोकं त्याच्या खांद्यावर होतं. लाजेनं डोळे उघडवेनात, म्हणून तसाच राहिलो.

शालू कुजबुजत होती, 'उठव ना दादांना. संग्रहालय राहिलंय.' तो म्हणाला, 'संग्रहालय कुठं पळून चाललंय? झोपू दे. त्यांच्या घरी आत्ता रात्र आहे.' 'आणि तुझा खांदा?' 'खांदा केव्हाच गेला. आता चिमटा काढलास तरी त्याला कळणार नाही.' (ती त्याला अरे-तुरे करते. हे नथूला सांगू नकोस.) तळ्यात बदकं ओरडत होती. मग शालूचा आवाज बारीक झाला. 'दादा नाही म्हणाले तर?' तो म्हणाला, 'तर लोणावळ्याला जाऊ, आईंना भेटू. सगळे दादा काय म्हणतील तेवढंच धरून बसलेत. आईंना कुणी विचारलंय का?'

अंबू, घरात भांडण निघालं की तू एकच वाक्य टाकतेस, 'मला कुणी विचारलं होतं?' आपली सुपारी तिकोणा पेठ गावी तुझ्या माहेरच्या ओट्यावर फुटली, तेव्हा तू खाचरात गुडघाभर चिखलात होतीस. संध्याकाळी घरी आलीस आणि शेजारणीनं सांगितलं तुला. मी दर वेळी हसण्यावारी नेलं. पण ते वाक्य, साता समुद्रापलीकडं, तुला कधी न भेटलेल्या पोराच्या तोंडून ऐकलं आणि माझी उरलेली झोप उडाली.

मी डोळे चोळत उठलो, खिशातून अडकित्ता काढला आणि रोजच्यासारखी सुपारी कातरली. एक खांड पोराच्या हातावर ठेवलं, एक शालूच्या. त्यानं तोंडात टाकलं आणि शालू किंचाळली, 'दादा, ती हळदीची! आईची!' बिचारा तसाच थांबला, गालात खांड, चावावं की थुंकावं कळेना. मी म्हटलं, अरेरे, झोपेत चूक झाली. दोघांनी विश्वास ठेवला. तुला खरं सांगतो, खणाची गाठ मी पूर्ण जागेपणी सोडली होती, आणि अर्धी सुपारी मुद्दाम न कातरता ठेवली होती.

ती अर्धी या पाकिटात कागदाच्या पुडीत आहे. माझं मत पोराच्या पोटात गेलं, पण तेवढ्यानं सुपारी फुटली असं मी कुणाला म्हणू देणार नाही, लेकीलाही नाही. हवं तर आधी पोराला बघ, तो यायला तयार आहे. मनाला आला तर खा आणि दोन ओळी लिही. नाही आला तर पुडी तशीच परत पाठव, मी एका शब्दानं वाद घालणार नाही. नथूला विचारू नकोस, शेजारी विचारू नकोस. अंबू, या वेळी मी तुला विचारतो आहे.

तुझाच,
मारुती