दाराआड कानेलो

न्यू ऑर्लिन्स, डिसेंबर १८३५

आई, इथूनच तुझ्या हातांना ओठ टेकवतो.

मी जिवंत आहे, धडधाकट आहे. पायाची जखम भरत आलीय, तिचा घोर लावून घेऊ नकोस. जेवण बरं मिळतं, फक्त मक्याची भाकरी नाही. तुझी बोटं अजून आखडतात का गं?

आपल्या तांपिकोत आमची काय गत झाली, ते तू खिडकीच्या फटीतून पाहिलंच असशील. मेक्सिको शहरातल्या सरकारने सगळ्या प्रांतांचे हक्क गिळले, म्हणून आम्ही हद्दपार झालेले लोक जहाज भरून लढायला परत आलो. ते जहाज नदीच्या तोंडाशीच वाळूत रुतलं आणि बंदुकीची दारू भिजली. ती तुझ्या मिरच्यांसारखी उन्हात घालून आम्ही शूरवीर दिवसभर राखण करत बसलो. तोवर सरकारी शिपायांनी तोफा भरून ठेवल्या.

"तुम्ही नुसते या, अख्खं गाव उठेल," असं मामाने कळवलं होतं. गाव उठलं खरं, पण खिडक्या लावून घ्यायला. मामाला म्हणावं, शब्दाचा पक्का निघालास!

लढाई हरून पळताना मी आपल्या दारावर थाप मारली. "आई, मी आलोय," म्हणालो. दार उघडलं नाही. तू चर्चमध्ये गेली असशील, असं मी इथे सगळ्यांना सांगतो. तूही तेच सांग.

पण आपला कानेलो घरात होता. माझा आवाज ओळखून बिचारं कुत्रं आनंदाने केकाटलं, आणि लगेच कुणीतरी त्याचं तोंड घट्ट दाबून धरलं.

म्हणजे तुझी बोटं आता बरी असावीत.

तुझाच,
सेवेरो