मुलीच्या पदवीची वजावट करू नये

मी, पियानो दुरुस्त करणारा आणि सुरात लावणारा, वय एकाहत्तर, विधुर, एक मुलगा आणि एक मुलगी यांचा बाप, हे मृत्युपत्र माझ्या कार्यशाळेतल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, आणि उद्या सकाळी सात वाजता डॉक्टर ते उघडून बघणार आहेत. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. वेगळेच काही लिहावे म्हणून मात्र मुलाने आणला होता, त्याबद्दल पुढे येईल. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, तेव्हा रद्द करण्यासारखे काही नाही.

कलम १. घर. तळमजल्यावर कार्यशाळा, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एवढे हे घर माझ्या कमाईचे आहे. ते दोन्ही मुलांना निम्मे निम्मे मिळावे. वर मुलगी राहते. ती आपणहून सोडेपर्यंत घर विकू नये आणि तिच्याकडे भाडे मागू नये. जिन्याची तिसरी पायरी हलते. तिचा खर्च दोघांनी वाटून घ्यावा आणि त्यावरून पुन्हा भांडू नये.

कलम २. हत्यारे. तारा पिळायच्या किल्ल्या, नादकाटे, नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, तुकडे, आणि भिंतीवर टांगलेले सगळे, मुलीला. मोठी किल्ली कोणालाही उसनी देऊ नये. नगर सभागृहाच्या व्यवस्थापकाला तर मुळीच नाही. सतरा वर्षे त्याने मला मागच्या दाराने आत घेतले आणि पुढच्या रांगेतल्या लोकांना सांगितले की पियानो परदेशातून लावून आणला आहे. त्याला मी काहीही ठेवत नाही.

कलम ३. पत्र्याचा डबा. पियानोंच्या पोटात सापडलेल्या वस्तू यात आहेत: केसाच्या पिना, नाणी, एक प्रेमपत्र, एक सोन्याचा दात. दात समोरच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरबाईंना द्यावा असे मनात होते, पण या मृत्युपत्राला त्या साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे वकीलबाई म्हणाल्या. डबा आहे तिथेच राहू द्यावा.

कलम ४. वजावट. माझा मुलगा विमा कंपनीसाठी अपघातात चेपलेल्या गाड्यांची किंमत ठरवतो. गेल्या रविवारी त्याने माझ्यापुढे एक तक्ता ठेवला. वर लिहिले होते, ‘संगीत पदवी, चार वर्षे’. खाली फी, वसतिगृह, पुस्तके, येण्याजाण्याचा खर्च आणि या सगळ्यावरचे आजपर्यंतचे व्याज. बेरीज घराच्या निम्म्या किमतीला भिडत होती. शेवटचा रकाना ‘आजची किंमत’. तिथे शून्य.

मी म्हणालो, “किंमत शून्य आहे, तर वजा काय करतोस?”

“खर्च झाला तो झाला, बाबा. त्यातून काही उरलं नाही, हा तिचा प्रश्न. तिचा वाटा तिला तेव्हाच मिळाला. दवाखान्यात जाण्याआधी सही करा, म्हणजे मागाहून कटकट नको.”

“तुझी सख्खी बहीण आहे ती.”

“म्हणूनच सांगतोय. शाळेत अर्धा दिवस शिकवते, संध्याकाळी नाचाच्या वर्गाला साथ करते. आमच्या ऑफिसातला ड्रायव्हर तिच्याहून जास्त कमावतो.”

यात खोटे काही नाही. मी मुलीलाही विचारले, तुझ्या पदवीची किंमत किती? ती भांडी विसळत होती. म्हणाली, “महिनाअखेरीला मी पण हेच विचारते. उत्तर सापडलं तर मलाही सांगा.” मला तिचा राग आला नाही, स्वतःची लाज वाटली. हा प्रश्न मी तिला विचारायलाच नको होता.

कलम ५. ‘पोचले’ या शब्दाचा खुलासा. पहिल्या वर्षाच्या फीच्या पावतीमागे माझ्या अक्षरात ‘पोचले’ असे आहे, खाली तारीख आणि सही. ही पावती मुलाला मागच्या महिन्यात खणात सापडली. मुलीच्या वाट्याचे पैसे पोचले, असा त्याने अर्थ लावला आणि तक्त्याला पुरावा म्हणून ती जोडली. खरे असे आहे. मुलगी पहिल्यांदा वसतिगृहावर गेली त्या दिवशी मी सकाळपासून फोनपाशी बसून होतो. दुपारी तिचा फोन आला. “बाबा, पोचले.” एवढेच बोलली आणि फोन कट झाला. हाताशी फीची पावती होती, पावतीच्या पाठीवर मी मुलीचा शब्द लिहून घेतला. सही केली ती सवयीने, कारण दुरुस्तीच्या प्रत्येक चिठ्ठीवर मी तारीख घालून सही करतो. तो शब्द माझा नाही, तिचा आहे. त्यात पैशाचा संबंध नाही.

कलम ६. कान. हे मुलीखेरीज कोणाला माहीत नाही. सहा वर्षांपासून मला वरचे सूर ऐकू येत नाहीत. गिऱ्हाइकाकडे मी किल्ली धरतो, मुलगी शेजारी उभी राहते आणि सूर लागला की हळूच खोकते. गिऱ्हाइकांना वाटते तिला दमा आहे. शाळेच्या मुख्याध्यापिकेने तर तिला काढ्याची बाटली दिली. कान तिला जन्मतःच होता, पण तो रोज घासून पाजळला गेला त्या चार वर्षांत. सहा वर्षे माझ्या नावाने जे बिल गेले ते त्या कानाचे होते आणि मी तिला एक छदाम दिला नाही. म्हणून बिलांचे पैसे ठेवायला सहा वर्षांपूर्वी उघडलेल्या खात्यातली सगळी रक्कम तिची. हे दान नाही, मजुरी आहे.

कलम ७. जुने खाते. ते पूर्ण मुलाला. याचे कारण लिहिणे मला जड जाते आहे.

रविवारी तो निघताना दारात थांबला. पाठमोराच म्हणाला, “तक्त्यात माझ्या शिक्षणाचा रकाना नाही, हे लक्षात आलं का तुमच्या?”

मुलीला प्रवेश मिळाला त्याच उन्हाळ्यात त्यालाही अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला होता. दोघांची फी मला झेपणारी नव्हती. मी त्याला सांगितले की बँकेने कर्ज नाकारले. मी बँकेत गेलोच नव्हतो. कर्जाची धास्ती होती हे खरे, पण तेवढेच कारण नव्हते. मला ज्याचे वेड होते ते मुलीला लाभले होते, मुलाला नाही, आणि मी निवड केली. तो एकोणिसाव्या वर्षी कामाला लागला. पहिल्या पगारातून त्याने बहिणीला नवा कोट पाठवला होता.

तेव्हा बाळा, तुझ्या तक्त्याची बेरीज बरोबर आहे, नाव चुकले आहे. ती फी तुझ्या बहिणीच्या वाट्यातून गेली नाही. तुझ्या वाट्यातून गेली, आणि ती मी काढली. तिला हे आजही माहीत नाही, तिच्यावर राग धरू नकोस. जुन्या खात्याने ती वर्षे भरून येणार नाहीत, हे मला कळते.

उद्या सहा वाजता मुलगा मला न्यायला येणार आहे. गाडीत त्याला हे तोंडाने सांगायचे ठरवले आहे. जीभ उचलली नाही तर म्हणून हे कलम.

वरील मजकूर मी शुद्धीवर, समजून लिहिला आहे. खालील दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

सही: पियानोवाला
साक्षीदार: शेजारचे बेकरीवाले
साक्षीदार: समोरच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टर
ठिकाण: माझी कार्यशाळा. मंगळवार, दिनांक सतरा, सायंकाळी पाच.

सह्यांनंतर जोडलेला मजकूर, त्याच साक्षीदारांसमोर. बेकरीवाल्यांना वाचायची गरज नव्हती, तरी त्यांनी वाचले. म्हणाले, “गाडी चालवत असताना सांगणार त्याला हे? काहीतरीच काय! आत्ता बोलवा.” डॉक्टरबाईंनी नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.

मुलगा म्हणाला, “सही केलीत का, बाबा?”

“केली. तू ये. बँकेबद्दल बोलायचंय.”

“कुठल्या बँकेबद्दल?”

“त्या उन्हाळ्यातल्या.”

तो म्हणाला, “तुम्ही गेला नव्हतात, हे मला तेव्हापासून माहीत आहे. मी गेलो होतो विचारायला. निघतोय.”

सही: पियानोवाला
साक्षीदारांच्या सह्या वरीलप्रमाणे. पाच वाजून चाळीस मिनिटे.