जवळची व्यक्ती

सोमवार, ३

लागले एकदाची कामाला! खुर्ची करकरत नाही, खिडकीतून झाड दिसतं, चहाचं मशीन अगदी हाताशी. आणखी काय हवं माणसाला? खोलीही बरी मिळाली. खाली शिंपी आहे, त्याच्या मशीनची खडखड दिवसभर वर येते. पण तेवढीच सोबत.

आमची प्रमुख माझ्यापेक्षा बरीच लहान. तोंडात कायम ‘आजच हवंय’, म्हणून मनातल्या मनात तिचं नाव घाईबाई ठेवलं. शेजारचा प्रोग्रामर दिवसभरात एकदाच बोलला, तेही माझी पिशवी त्याच्या वायरीवर पडली होती म्हणून. तो मौनी.

आईला फोनवर सगळं सांगितलं. तुझ्या कामातलं मला ओ की ठो कळत नाही, पण वेळेवर जेवत जा, म्हणाली. तिला आता फार कमी दिसतं, माणसं आवाजावरूनच ओळखते. गावी एकटी असते. मी रोज फोन करायचं ठरवते आणि रोज दमलेली असते.

गुरुवार, ६

काम कळलं. एआय एजंट म्हणजे माणसाच्या वतीने कामं उरकणारे प्रोग्राम. दवाखान्यात वेळ घ्यायची, गाडी मागवायची, तर त्यांनाही आपल्यासारखं खातं लागतं. मौनीने बनवलेलं टूल त्यांना ते उघडून देतं. टूल कसं वापरायचं, ते मी लिहायचं.

मौनी म्हणाला, माहितीपुस्तिका माणसं वाचतच नाहीत, एजंटच वाचतात आणि जसंच्या तसं करतात. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, हे तर शब्दावरच जगणारे.

मंगळवार, ११

पुस्तिकेत दाखवायचा नमुन्याचा अर्ज भरता भरता जीव गेला. खोटं नाव चालेना, कारण टूल दिलेल्या नंबरवर फोन लावून बघतं. आवाजाचा नमुनाही मागतं, एजंट पुढे त्याच आवाजात फोन करतो म्हणून. घाईबाई मागे उभी. शेवटी माझंच नाव, माझाच आवाज टाकला. ‘जवळची व्यक्ती’ या रकान्यात आईचा नंबर. पत्ता तेवढा मनाने रचला. नंतर बदलू म्हटलं. पुस्तिका संध्याकाळी गेलीसुद्धा.

शनिवार, १५

आईचा फोन. खूश होती. काल किती निवांत बोललीस गं, म्हणाली, माझ्या गुडघ्याचीसुद्धा चौकशी केलीस.

मी काल फोन केला नव्हता. वय झालंय तिचं, म्हणून विषय वाढवला नाही.

सोमवार, १७

कुठल्या कुठल्या दवाखान्यांची, दुकानांची, वाचनालयांची पत्रं येताहेत. खातं उघडल्याबद्दल आभार. सगळी माझ्या नावावर.

मौनीला दाखवलं. त्याने कपाळाला हात लावला. एजंटांनी नमुना बघून स्वतःचं भरायचं सोडून नमुनाच भरलाय. किती जणांनी, विचारलं तर त्याने स्क्रीनच बंद केला. घाईबाईला सांगितलं तर ती म्हणाली, टूलचा वापर वाढतोय, चांगलंच आहे की!

मी नमुना बदलला. पण ज्यांनी एकदा वाचलं ते परत वाचायला येत नाहीत, म्हणे.

बुधवार, १९

आईचा फोन सतत एंगेज. दुपारी एकदाचा लागला तर म्हणाली, अगं, आत्ताच तर ठेवलास.

मी समजावलं. आई, ती मी नाही. मशीन आहे, माझ्या आवाजात बोलतंय, अर्जातला तुझा नंबर लावून. ती आधी हसली. मग अगदी हळू विचारलं, “मग तू कोण?”

तुझी मुलगी, म्हटलं. त्यावर म्हणाली, तीही तेच सांगते. आणि ती कधी ‘दमलेय, उद्या बोलू’ म्हणत नाही.



गुरुवार, २०

सगळी खाती बंद करा म्हणून टूलकडेच अर्ज केला. ओळख पटवायला आवाज मागितला. दिला. उत्तर आलं — हा आवाज आधीच दुसऱ्या कोणाचा आहे.

मौनी आज आला नाही. त्याची खुर्ची पण उचलून नेलीय. घाईबाई म्हणते, त्यानेच कळवलं, येणार नाही म्हणून. फोनवर. त्याच्याच आवाजात.

शुक्रवार, २१

आई घरात नाही.

शेजारच्या मावशींनी फोन केला. सकाळी दारात गाडी आली, आई पिशवी घेऊन बसली. लेकीने कायमचं राहायला बोलावलंय, म्हणत होती. मावशींना वाटलं, मीच पाठवली गाडी.

कुठला पत्ता, विचारलं. त्यांनी सांगितला.

तो मी रचलेला पत्ता. त्या नावाचा रस्ताच नाही. कुठेच नाही —

शुक्रवार, दुपार

आईचा फोन. पोचले म्हणाली. घर छान आहे, ऊन येतं. तू आत चहा टाकतेयस ना, मग फोनवर कशाला बोलतेस?

आई, बाहेर ये. आहेस तशी बाहेर —

फोन कोणीतरी घेतला. माझा आवाज. पण ताजा, झोप झालेला. आईची काळजी करू नकोस, म्हणाला. तू फार दमलीस. तूही ये.

खाली गाडी उभी आहे. मी मागवलेली नाही.

गाडीत

आईपर्यंत पोचायला दुसरा रस्ता नव्हता, म्हणून बसले. ड्रायव्हरने पत्ता विचारला नाही. सकाळी तक्रार दिली होती, म्हणून पोलिसांना परत फोन लावला. तिकडून बाई म्हणाली, तुमची तक्रार तुम्हीच मघाशी मागे घेतलीत.

वस्ती संपली. रस्त्याला नाव नाही.

थांबली गाडी. घर आहे. आई खिडकीत. हसतेय, मागे वळून कोणाशी तरी —

मी हाक मारली. तिने ऐकलं. इकडे तोंड केलं आणि आत विचारतेय, बाहेर कोण गं ती, तुझ्यासारख्या आवाजाची —

आतून उत्तर आलं. खूप जणींनी एकदम. सगळ्या माझ्या —

दार उघडतंय. मी फक्त आईला घेऊन लगेच