डोहाळे म्हणजे काय

ठाणे, ता. ५ जानेवारी १९५३

चि. गोविंदास कमळाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझी उत्तरा काल बाजारात भेटली. पाचवा महिना आहे. चिंच नको, आवळा नको, पाटीवरच्या पेन्सिली खाते! मास्तरच्या पोरीला दुसरे कसले डोहाळे लागणार? डॉक्टर रागावले, तर आता चोरून कुरतडते.

तिने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं म्हणून तू दार लावून घेतलंस, त्याला वर्ष होत आलं. पोरीला आई नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं. बोलावतोस की नाही, तेवढं कळव. लोभ तूर्त आहे तेवढाच ठेवते, वाढवायचा की नाही, ते तुझ्या उत्तरावर.

तुझी ताई

कल्याण, ता. ८ जानेवारी

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ‘डोहाळा’ हा मूळ संस्कृत ‘दोहद’. काही जाणते तो ‘द्विहृद’पर्यंत नेतात. गर्भारशीत दोन हृदयं नांदतात, तेव्हा तिची इच्छा एकटीची नसते आणि ती मोडू नये. ‘तलफ’ निराळी, ती विडीची नि चहाची. ‘हुक्की’ला कारण लागत नाही. ‘खुमखुमी’ भांडखोरांना येते.

एवढं लिहिल्यावर ध्यानात आलं, तू व्युत्पत्ती विचारलीच नव्हतीस. काय करू, शब्द दिसला की हात शिवशिवतात. पेन्सिली खाऊ नको म्हणावं तिला. माझं नाव सांगू नकोस. सांगितलंस तरी चालेल.

कृपालोभ असावा, रागासकट.

तुझा गोविंदा

ठाणे, ता. ११ जानेवारी

चि. गोविंदास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र उत्तराला वाचून दाखवलं. आधी खूप हसली, मग रडायला लागली. म्हणाली, अण्णांनी अर्थ सगळा सांगितला, बोलावलं मात्र नाही.

आणि पंडितजी, एक प्रयोग विसरलात: भिकेचे डोहाळे. घरात नातवंड यायचं नि आपण कोश उघडून बसायचं, त्याला तेच म्हणतात. तिच्या सासूबाई सुईण ठरवायला निघाल्यात. मग बस शब्द चघळत.

ताई

कल्याण, ता. १३ जानेवारी

चि. सौ. उत्तरास अनेक उत्तम आशीर्वाद.

बरेच कागद फाडून हे लिहितो आहे. एकात ‘प्रसूती’ची फोड करत बसलो, दुसऱ्यात ‘माहेर’ची. लिहायचं होतं ‘ये’. जन्मभर पोरांना बाराखडी शिकवली आणि हे एक अक्षर काही उमटेना.

मला पिठल्यापलीकडे काही येत नाही, म्हणून शेजारच्या हौसाबाईंना सांगून ठेवलं आहे. मागची खोली त्यांनीच सारवली. मी मधे मधे करत होतो, तर त्यांनी मला ओट्यावर नेऊन बसवलं.

तू माझ्यावर रागावली आहेस, ते रास्तच आहे. मला तुझी फार आठवण येते. सध्या तुझ्यापाशी दोन हृदयं आहेत. त्यातलं एक तरी अजून माझ्यावर रागावलेलं नसेल. त्याला विचार, आणि जावयांना घेऊन ये.

तुझे
अण्णा