पान तीनवरचे चेहरे

पाईक्स फोर्ड, टेनेसी
३ ऑक्टोबर २०२१

चि. डॉईल यास,

थोरल्या बहिणीने धाकट्या भावाला आशीर्वाद द्यावेत असा रिवाज आहे, म्हणून देते. मनापासून द्यावेत असं तू अलीकडे काही केलेलं नाहीस.

फोनवर तू मधेच बोलतोस, म्हणून पत्र. ऑगस्टमध्ये तुझ्या ‘गजांआड’ साप्ताहिकाच्या पान तीनवर माझ्या नातवाचा, कोल्बीचा, अटकेचा फोटो आला होता. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, खाली ‘चोरीचा माल बाळगणे’. पेट्रोल पंपावर माझ्यापुढे उभा असलेला माणूस एका हाताने सॉसेज भरलेला बिस्किट-पाव खात दुसऱ्या हाताने तुझी पानं उलटत होता. आपल्या घरातलं कोणी नाही याची खात्री पटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो पाहून मला शिसारी आली. हे तुझे वाचक. त्यांना पोसणारा तू. आपल्या खानदानात पूर्वी लोक डुकरं पाळत. ते बरं होतं.

तेव्हा मी गप्प बसले, कारण निकाल लागायचा होता. आता लागला आहे. कोल्बीने जुन्या बाजारातून एक जनित्र घेतलं, ते चोरीचं निघालं, एवढीच गोष्ट. विकणाऱ्याने कोर्टात स्वतः कबूल केलं आणि न्यायाधीशांनी कोल्बीवरचा आरोप काढून टाकला. शेरीफच्या संकेतस्थळावरून फोटो तीस दिवसांनी आपोआप उतरतो. तुझ्या संकेतस्थळावरून मात्र तो उतरत नाही, आणि न्हाव्याच्या दुकानात तर तुझा तो अंक अजून पडून आहे.

वीज संस्थेने कोल्बीला खांबांवरच्या कामासाठी शिकाऊ उमेदवार म्हणून घेतलं होतं. तो अंक पाहून त्यांनी नाव मागे घेतलं. मी तिथल्या साहेबांना जाऊन भेटले. ते म्हणाले, ज्या पेपरात तो आरोपी म्हणून आला त्याच पेपरात निर्दोष म्हणून आला, तर २८ तारखेच्या बैठकीत पुन्हा विचार करू. तेव्हा छाप. तेवढ्याच जागेत, तेवढ्याच मोठ्या अक्षरात.

या घराची लाज मी पुरेशी वाहिली आहे. माझ्या लग्नाला दोन आठवडे उरले असताना बाबांनी दारू पिऊन गाडी चर्चच्या पाटीवर घातली, आणि मला बाबांऐवजी काकांचा हात धरून वेदीपर्यंत जावं लागलं. दुसऱ्यांदा ते ओझं मी वाहणार नाही.

एवढं केलंस तर लोभ आहे तसा राहील. नाही केलंस तर लोभ कशाशी खातात ते विसर.

तुझी ताई,
वर्लीन

*

कोल्टर, टेनेसी
८ ऑक्टोबर २०२१

ती. वर्लीनताईस,

गुडघे गेले आहेत, तेव्हा साष्टांग नमस्कार उभ्यानेच केला असं समज.

चाळीस वर्षं शाळेत शिकवून तुझी पट्टी अजून हातातून सुटलेली नाही. मी साधा माणूस आहे आणि माझा नियमही साधा आहे. आठवडाभरात हॅडली काउंटीच्या कोठडीत ज्याची नोंद झाली, त्याचा फोटो शुक्रवारी येतो. नोंद सरकारी आहे, सर्वांना खुली आहे, मागेल त्याला मिळते. मी कोणाला पकडत नाही आणि सोडतही नाही. पाद्र्याची बायको छापली, दातांचा डॉक्टर छापला, शेरीफचा सख्खा साडू छापला. ज्याला आपला चेहरा छापून यायला नको, त्याने तो कोठडीत घेऊन जाऊ नये.

निर्दोष सुटल्याची बातमी छाप म्हणतेस. ती वाचणार कोण? लोकांना पडलेला माणूस बघायचा असतो. उठून धूळ झटकणारा बघायला कोणी बिस्किट खाली ठेवत नाही. हा दोष माझा नव्हे, तू ज्यांना शिकवलंस त्यांचा आहे.

कोल्बी गुणी मुलगा आहे, ठाऊक आहे मला. पण आज त्याच्यासाठी जागा काढली, तर उद्या माझ्या दारात अर्ध्या काउंटीच्या आज्या उभ्या राहतील. उद्या माझा स्वतःचा फोटो तिथे निघाला तरी मी तो छापीन. नियम म्हणजे नियम.

आणि एक विनंती. बाबांचं नाव या भांडणात ओढू नकोस. गेलेल्या माणसाला पडून राहू दे.

रागावलीस तरी जिव्हाळा कमी करू नकोस. या वयात नवी बहीण कुठून आणू?

तुझा,
डॉईल

*

पाईक्स फोर्ड
१५ ऑक्टोबर २०२१

डॉईल,

आशीर्वाद या वेळी लिहीत नाही.

कोल्बीच्या निकालाची शिक्का मारलेली नक्कल आणायला मी मंगळवारी कोर्टाच्या नोंदखोलीत गेले होते. खिडकीत रोन्डा होती. चौथीत माझ्या वर्गात होती. पाढे कधी पाठ झाले नाहीत, पण कागद जागच्या जागी ठेवते. ती म्हणाली की तळघरातली कोठडीची जुनी कार्डं वर आणून त्यांची छायाचित्रं काढायचं काम चालू आहे, आणि कालच आपल्या क्रॅबट्री आडनावाचं एक कार्ड तिच्या हातात आलं. बघायचं असेल तर अर्ज भरा म्हणाली. मी आधी नको म्हणाले. बाबांचा तो चेहरा मी अठ्ठेचाळीस वर्षं पाहिला नव्हता आणि पाहायचाही नव्हता. मग तुझी ‘खुली नोंद, मागेल त्याला मिळते’ आठवली. म्हटलं, बघू तरी भावाचा धंदा कसा चालतो. भरला अर्ज.

एमेट क्रॅबट्री, वय एक्कावन्न. समोरून एक फोटो, बाजूने एक. गुन्हा: शनिवार, ९ जून १९७३, संध्याकाळी सात वाजता, दारूच्या अमलात वाहन चालवून चर्चच्या पाटीची मोडतोड, व जागेवरून पळ. आणि खाली: रविवारी सकाळी सहा वाजता स्वतःहून हजर.

कार्डाच्या मागे, माणसाला आत घेताना त्याच्या अंगावरून काय काय काढून घेतलं त्याची यादी असते. ती मी तशीच उतरवते. रुमाल एक. चष्मा एक. टाय एक, निळा, नवा. पाकीट एक, त्यात मिलची जादा कामाची चिठ्ठी, शनिवार, दुपारी दोन ते रात्री दहा, मुकादमाची सही. गाडीची किल्ली: नाही.

त्या शिपायाने सगळं इमानेइतबारे लिहिलं आणि त्यातलं एक अक्षर वाचलं नाही. या काउंटीत लिहिणारे खूप आहेत, वाचणारा कोणी नाही. मी मात्र वाचलं. संध्याकाळी सात वाजता बाबा मिलमध्ये मोजे विणणाऱ्या यंत्रापुढे उभे होते. घरात गाडी चालवता येणारं आणखी एकच माणूस होतं. ते एकोणीस वर्षांचं होतं आणि सोमवारी कोल्टरच्या छापखान्यात कामाला लागणार होतं.

चर्चने बाबांना पंचांमधून काढलं. मी त्यांना लग्नात येऊ दिलं नाही. ते मरेपर्यंत नाताळचं एक कार्ड, त्यापलीकडे शब्द नाही. आणि तू इतकी वर्षं दर शुक्रवारी दुसऱ्यांचे चेहरे विकलेस.

कार्डाची नक्कल सोबत आहे. तुझा चेहरा तिथे नाही, हे खरं. नियम कसा लावायचा ते तूच ठरव.

वर्लीन

*

कोल्टर
१९ ऑक्टोबर २०२१

ती. ताई,

नमस्कार. चेष्टा या वेळी सुचत नाही.

हो. मी चालवत होतो. पाटी पाडून शेतांतून पळालो आणि बाबा घरी येईपर्यंत कोठारात बसून राहिलो. ते ओरडले नाहीत. किल्ली तुझ्याच खिशात राहू दे, सकाळी मीच हजर होतो म्हणाले. छापखान्याचा मालक त्याच चर्चमधला, सोमवारी तो मला दारात उभा करणार नाही, आणि मिल म्हाताऱ्या माणसाला कोठडीतल्या एका रात्रीसाठी काढत नाही, असा त्यांचा हिशोब.

तुला लग्न झाल्यावर सांगायचं ठरलं होतं. पण तू त्यांना लग्नाला बोलावलंच नाहीस. दोन वर्षांनी मी सांगायला निघालो, तेव्हा त्यांनीच अडवलं. ते म्हणाले, “आता सांगितलंस तर ती तुझ्याशीही बोलायची नाही. आपल्यापैकी एकाशी तरी तिला बोलू दे.” मला ते सोयीचं होतं, ताई. मी लगेच ऐकलं.

तू मला कितीही तुच्छ समजलीस तरी त्यात मला नवीन काही नाही. दर आठवड्याला ते चेहरे लावताना मला बरं वाटायचं, कारण त्यांत मी नसायचो. तुझ्या त्या बिस्किटवाल्यासारखंच.

आज सकाळी कोठडीत गेलो आणि माझा फोटो काढा म्हणालो. शिपाई म्हणाला, आरोप नाही तर फोटो नाही, आणि अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीच्या पाटीसाठी आता कोणी आरोप ठेवत नाही. शेवटी पंपाच्या बर्फाच्या पेटीपुढे उभा राहिलो आणि पंपावरच्या बाईकडून काढून घेतला. समोरून एक, बाजूने एक. शुक्रवारचा अंक बघ.

जिव्हाळा राहू दे असं लिहायची हिंमत नाही.

डॉईल

*

पाईक्स फोर्ड
१ नोव्हेंबर २०२१

चि. डॉईल यास, आशीर्वाद. कमी आहेत, पण आहेत.

अंक पाहिला. पहिल्या पानावर बाबांचं कार्ड, शेजारी तू, आणि मधे ‘गाडी हे चालवत नव्हते, मी चालवत होतो’. पान तीनवर कोल्बी, त्याच चौकटीत, ‘निर्दोष’. अक्षरं मी सांगितली होती तेवढी मोठी नाहीत. बैठकीत साहेबांनी अंक टेबलावर ठेवला म्हणे. कोल्बी आजपासून कामावर आहे.

पंपावर लोक उभ्याउभ्याने वाचत होते. ज्यांनी आयुष्यभर बाबांना दारुडा म्हटलं, ते आता ‘आम्हाला आधीपासून वाटलंच होतं’ म्हणतात. मी त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. शिव्या बऱ्याच सुचल्या, पण त्यांतली एकही अशी नव्हती जी मला लागू पडत नव्हती. ते निदान परके होते. मी बाबांची मुलगी होते, वाचायला शिकवणारी होते, आणि एका कार्डाच्या मागची बाजू मी पाहिली नाही.

यादीतला तो टाय बाबांना मी घेऊन दिला होता, डॉईल. पहिल्या पगारातून, वेदीपर्यंत माझ्यासोबत चालताना घालायला. समोरून काढलेल्या फोटोत तो त्यांनी घातला आहे, गाठ नीट मध्यभागी. मी एवढी वर्षं समजत होते की तो त्यांनी कधी घातलाच नाही.

रविवारी जेवायला ये. मक्याची भाकरी करीन, ती फार चांगली होणार नाही. येताना बाबांच्या कार्डाची मोठी प्रत काढून आण. लग्नाच्या फोटोशेजारी भिंतीवर जागा आहे.

तुझी ताई,
वर्लीन